ढेकूण कशावर चढतो, कुठे घसरतो?

खाटेच्या पायांखाली वाट्या ठेवून त्यांत पाणी भरण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. तिच्यामागचा विचार सरळ आहे. ढेकणाला उडण्याजोगे पंख नाहीत आणि उडीही मारता येत नाही. खाटेवर यायचे तर त्याला पायांनी चढूनच यावे लागते. वाट अडवली की ढेकूण अडला. मग पाणी न भरता नुसती गुळगुळीत वाटी ठेवली तर चालेल काय? ढेकूण तिच्यात उतरेल, पण बाहेर येताना घसरेल काय? प्रश्न साधा वाटतो. उत्तर मात्र ढेकूण कोणत्या जातीचा आहे यावर अवलंबून आहे.

घरातील पृष्ठभाग

बुलढाणा जिल्ह्यातील घरे डोळ्यांसमोर आणा. एखाद्या खेड्यात अजून धाब्याचे घर उभे असते. मातीच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, सुतळीने विणलेली बाज. खामगाव किंवा मलकापूरच्या नव्या घरात चकचकीत फरशी, ऑइलपेंट दिलेल्या भिंती, लोखंडी पलंग आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या. वसतिगृहांत तर लोखंडी पलंगांची रांगच असते. माणसाला हे सगळे पृष्ठभाग कमीअधिक सारखेच वाटतात. पूर्ण वाढ झालेला ढेकूण पाच-सात मिलिमीटर लांबीचा असतो. त्याच्या दृष्टीने त्यांच्यात जमीनअस्मानाचा फरक आहे.

ढेकणाचे पाय भिंगाखाली पाहिले तर प्रत्येक पावलाच्या टोकाशी दोन वाकड्या नख्या दिसतात. मातीची भिंत, रंधा न मारलेले लाकूड, कापड, सुतळी, गंजलेले लोखंड यांवर असंख्य उंचवटे आणि खाचा असतात. नखीचे टोक तेवढ्याशा खाचेतही अडकते. अशा पृष्ठभागावर ढेकूण शिडी चढावी तसा चढतो. काच, स्वच्छ स्टील किंवा चकचकीत प्लॅस्टिक यांवरही उंचवटे असतात, पण ते इतके बारीक असतात की नखीच्या टोकाला पकड मिळत नाही. तेथे नख्या निरुपयोगी ठरतात.

केसांची गादी

येथे दुसरे साधन उपयोगी पडते. पावलाच्या वर, पोटरीच्या खालच्या टोकाशी सूक्ष्म केसांची एक दाट गादी असते. ती दिसायला सूक्ष्मदर्शकच हवा. हे केस लवचीक असल्यामुळे गुळगुळीत पृष्ठभागाला जवळून भिडतात. एका केसाची पकड नगण्य असते, पण अनेक केसांची पकड एकत्र आली की कीटकाचे वजन पेलता येते.

ढेकणाचे आकारमान लहान आहे, हेही त्याच्या पथ्यावर पडते. प्राण्याची लांबी दुप्पट झाली की पायांचे क्षेत्रफळ चौपट होते, पण वजन आठपट होते. म्हणजे प्राणी जितका लहान, तितकी वजनाच्या मानाने चिकटायला जागा जास्त. वर्गात क्षेत्रफळ आणि घनफळ शिकवताना हे उदाहरण जरूर वापरावे.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात गुळगुळीत पृष्ठभागावरील ढेकणांची पकड मोजली होती. नराचे वजन मादीपेक्षा सुमारे १५ टक्के कमी, तरी त्याची पकड मादीच्या दुप्पट भरली. मीलनाच्या वेळी मादीच्या पाठीवर टिकून राहण्यासाठी नराला या गादीचा उपयोग होतो. गुळगुळीत भिंत चढण्याचे सामर्थ्य हा त्याचा जोडलाभ म्हणता येईल.

दोन जाती, दोन उत्तरे

माणसाचे रक्त पिणाऱ्या ढेकणांच्या दोन जाती मुख्य आहेत. सायमेक्स लेक्ट्युलॅरियस ही प्रामुख्याने थंड व समशीतोष्ण प्रदेशांतील, तर सायमेक्स हेमिप्टेरस ही उष्ण प्रदेशांतील. आपल्याकडे प्रामुख्याने दुसरी जात आढळते. नुसत्या डोळ्यांनी दोन्ही सारख्याच दिसतात. भिंगातून डोक्यामागचा भाग पाहावा. पहिल्या जातीत तो अधिक रुंद असून त्याच्या कडा बाजूंना जास्त पसरलेल्या असतात.

पाश्चात्त्य देशांत ढेकणांचा शोध घेण्यासाठी गुळगुळीत प्लॅस्टिकचे सापळे विकले जातात. ढेकूण खडबडीत बाहेरच्या बाजूने चढतो, आतल्या खळग्यात पडतो आणि गुळगुळीत भिंतीमुळे बाहेर येऊ शकत नाही. २०१७ साली मलेशियातील चाउ-यांग ली, ऑस्ट्रेलियातील स्टीफन डॉगेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही जातींची अशा सापळ्यांत परीक्षा घेतली. समशीतोष्ण जातीचे ढेकूण आत अडकून राहिले. उष्ण प्रदेशातील जातीचे प्रौढ ढेकूण मात्र चढून बाहेर येऊ शकले. मापन केल्यावर त्यांची पकड अधिक बळकट आढळली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या पोटरीवरच्या गादीत केसांची संख्याही जास्त दिसली.

या निष्कर्षाला आपल्या दृष्टीने फार महत्त्व आहे. परदेशी पुस्तकातील 'गुळगुळीत वाटी ठेवा' हा सल्ला आपल्या ढेकणांना लागू पडेलच असे नाही. वाटीत ढेकूण सापडला नाही म्हणून खोलीत ढेकूण नाहीत, असा निष्कर्ष काढणे तर अधिकच धोक्याचे.

करून पाहा

हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा, विद्यार्थ्यांनी पाहावा. परातीत साबणाचे पाणी घ्या आणि मधोमध स्वच्छ, कोरडा काचेचा पेला ठेवा. चिमट्याने चारपाच मोठे ढेकूण पेल्यात सोडा आणि दहा मिनिटे निरीक्षण करा. किती चढले, किती उंचीवरून घसरले, याची नोंद ठेवा. मग पेल्याला आतून टाल्कम पावडरीचा पातळ हात देऊन तेच पुन्हा पाहा. पावडरीचे कण काचेला घट्ट धरलेले नसतात. केस त्या कणांना चिकटतात आणि कण काचेवरून सुटतात. ढेकणाच्या पायाखालची जमीनच सरकते म्हणा ना! तिसऱ्या वेळी पेल्यात कागदाची एक उभी पट्टी लावा. फरक लगेच कळेल. शेवटी सर्व ढेकूण उकळत्या पाण्यात टाकावेत.

चढणे अडवणारी पाने

बाल्कन प्रदेशात पूर्वी राजम्याच्या वेलाची पाने रात्री जमिनीवर पसरून ठेवत. सकाळी पानांवर ढेकूण अडकलेले मिळत आणि पाने जाळून टाकीत. २०१३ साली अमेरिकी संशोधकांनी त्याचे कारण स्पष्ट केले. पानांवरील आकड्यासारखे सूक्ष्म केस ढेकणाच्या पावलात शिरून त्याला जागीच खिळवतात. या केसांच्या कृत्रिम प्रतिकृती तयार केल्या, पण त्यांवर ढेकूण क्षणभर अडखळत आणि सुटून जात. श्रावणघेवडा ही त्याच जातीची वनस्पती. तिचे पान सुती सदऱ्यावर दाबून पाहा, ते चिकटून राहते.

व्यवहारात काय करावे?

पहिले, वाटी नुसती न ठेवता तिच्यात साबणाचे पाणी ठेवावे, किंवा कोरड्या वाटीला आतून पावडर लावून ती वरचेवर बदलावी. पावसाळ्यात पावडर ओलसर होऊन गोळा होते, हे लक्षात ठेवावे. दुसरे, पलंग भिंतीपासून दूर हवा. चादरीचे किंवा मच्छरदाणीचे टोक जमिनीला टेकले, की ढेकणाला आयती शिडी मिळते आणि चारही वाट्या वाया जातात. तिसरे, पलंग लोखंडी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. रंगाचे पोपडे, गंज आणि सांध्यांतील फटी त्याला पुरेशा असतात.

वाट्यांमुळे ढेकूण येण्याचा मार्ग अडतो. आधीच बाजेत असलेले ढेकूण त्यामुळे मरत नाहीत. त्यांच्यासाठी उष्णता हा खात्रीचा उपाय आहे. ५० अंश सेल्सियस तापमान सर्व बाजूंनी पोचले, तर ढेकूण आणि त्यांची अंडी काही मिनिटांतच मरतात. वैशाखाच्या उन्हात बाज नुसती टाकून ठेवली, तर ढेकूण सावलीच्या सांध्यांत सरकतात. म्हणून बाज उलटसुलट करून आपटावी, आणि सांध्यांत उकळते पाणी ओतावे. कीटकनाशकांवर फार भिस्त ठेवता येत नाही. डीडीटीला न जुमानणारे ढेकूण हवाईतील पर्ल हार्बर येथे १९४७ सालीच आढळले होते. शिवाय मुले ज्या गादीवर झोपतात तिच्यावर मन मानेल तशी फवारणी करणे घातक आहे.

वसतिगृहात ढेकूण निघाले की एखाद्या मुलावर, त्याच्या घरावर किंवा गावावर ठपका ठेवला जातो. ढेकूण अस्वच्छतेतून उत्पन्न होत नाही. तो कपड्यांच्या घडीत, पेटीच्या फटीत बसून कोणाबरोबरही येतो आणि स्वच्छ खोलीतही तितक्याच सहजतेने पलंगाचा पाय चढतो. वर्गात पेल्याचा प्रयोग दाखवताना शिक्षकांनी एवढे आवर्जून सांगावे.