गुडघा बदलला, पाय सरळ झाला का?

ऑक्टोबर २००० मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि ‘नी रिप्लेसमेंट’ हा शब्द मराठी घराघरांत पोहोचला. जून २००१ मध्ये त्यांचा उजवा गुडघाही बदलण्यात आला. शस्त्रक्रिया करणारे डॉ. चित्तरंजन राणावत हे केवळ कुशल शल्यविशारद नव्हते. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधील हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी या संस्थेत आजच्या कृत्रिम गुडघ्याचा आद्य नमुना घडला, त्यात डॉ. जॉन इन्सॉल यांच्यासमवेत त्यांचाही वाटा होता.

त्यानंतर ही शस्त्रक्रिया महानगरांपुरती राहिली नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातच लोणी आणि विळद घाट येथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. मात्र शस्त्रक्रिया ठरली की नातेवाईक विचारतात ते सांध्याच्या कंपनीबद्दल आणि खर्चाबद्दल. केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये ठरवली, तेव्हा खर्चाच्या प्रश्नाला काहीसे उत्तर मिळाले. सांधा बसवल्यावर पायाची रेषा कशी राहील, हा प्रश्न मात्र फारच थोडे विचारतात. सांध्याचे आयुष्य बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून असते.

ही रेषा म्हणजे काय? खुब्याच्या गोळ्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत एक दोरी ताणली, अशी कल्पना करावी. निरोगी पायात ती गुडघ्याच्या मध्याजवळून जाते आणि शरीराचा भार सांध्याच्या दोन्ही बाजूंवर वाटला जातो. सपाट जमिनीवर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. सत्तर किलोच्या माणसात हा आकडा दीडशे ते दोनशे किलोंच्या घरात जातो. पाय धनुष्यासारखा बाहेर वाकला की ती दोरी आतल्या बाजूला सरकते. मग आतली कूर्चा अधिक झिजते, झिजेमुळे पाय आणखी वाकतो आणि वाकल्यामुळे पुन्हा झीज वाढते. पाथर्डी-शेवगावकडचे वयस्क ऊसतोड मजूर किंवा प्रवरेच्या पट्ट्यात जन्मभर उकिडवे बसून खुरपणी केलेल्या आजीबाई यांची चाल ज्याने पाहिली आहे, त्याला हे चक्र वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दुखणे अंगावर काढण्याची सवय असल्याने असे रुग्ण डॉक्टरांकडे येतात तेव्हा पाय पुरता फेंगडा झालेला असतो.

नवा सांधा धातूचा असला तरी दोन धातूंमध्ये पॉलिथिलीनची गादी असते. रेषा चुकली तर या गादीची एकच बाजू दबते, झिजते आणि कालांतराने सांधा हाडातून सैल होऊ शकतो. १९९१ मध्ये ब्रिटनमधील शल्यविशारदांनी ११५ गुडघ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्यात भाररेषा सांध्याच्या मधल्या तृतीयांशातून जात होती, त्यांपैकी ३ टक्के सांधे सैल झाले. ज्यांची रेषा त्याबाहेर होती, त्यांच्यात हे प्रमाण २४ टक्के होते. रेषा सरळ, म्हणजे १८० अंशांची आणि फार तर तीन अंश इकडेतिकडे, हा दंडक त्या काळात पक्का झाला.

पुढे या दंडकालाही प्रश्न विचारले गेले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने २०१० मध्ये ३९८ गुडघ्यांचा पंधरा वर्षांचा आढावा मांडला, तेव्हा तीन अंशांच्या आतले सांधे बाहेरच्यांपेक्षा अधिक टिकले, असे दिसले नाही. २०१२ मध्ये बेल्जियममधील २५० निरोगी तरुणांच्या पाहणीत ३२ टक्के पुरुषांचे आणि १७ टक्के स्त्रियांचे पाय मुळातच तीन अंश वा अधिक बाहेर वाकलेले आढळले. ज्याचा पाय तरुणपणीही किंचित वाकडा होता, त्याला साठाव्या वर्षी ओळंब्यासारखा सरळ करणे हितकारक आहे का, यावर आज तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण म्हणून कितीही वाकडे चालेल, असा अर्थ कोणीही काढलेला नाही. वाद दोन-चार अंशांचा आहे.

रेषा साधणे कठीण का, हेही समजून घेण्याजोगे आहे. पारंपरिक पद्धतीत मांडीच्या हाडाच्या पोकळीत सळई घालून तिच्याशी साधारण पाच ते सात अंशांचा कोन धरून हाड कापतात. परंतु मांडीचे हाड स्वतःच कमानदार असेल, तर हा ठरीव कोन फसवतो. मुंबईचे डॉ. अरुण मुल्लाजी यांनी आशियाई रुग्णांच्या अभ्यासातून हा कोन माणसागणिक बराच बदलतो, हे दाखवून दिले. त्यामुळे केवळ गुडघ्याचा छोटा एक्स-रे अशा रुग्णांत पुरेसा ठरत नाही. खुब्यापासून घोट्यापर्यंतचा संपूर्ण पाय, तोही उभ्या स्थितीत टिपणारा लांब एक्स-रे लागतो. तालुक्याच्या गावी तो नेहमी निघतोच असे नाही. मग नगर, नाशिक किंवा पुणे गाठावे लागते. ती खेप टाळू नये. शस्त्रक्रियेनंतर तसाच दुसरा एक्स-रे काढला, तर काम कितपत साधले हे कागदावरच कळते.

संगणक आणि यंत्रमानव यांच्या साहाय्याने हाडाचे काप अधिक अचूक येतात, हे सिद्ध झाले आहे. त्यामुळे रुग्ण दहा-पंधरा वर्षांनी अधिक सुखी असतो, हे मात्र अजून तितक्या ठामपणे सांगता येत नाही. याचे कारण उघड आहे. हाडाच्या रेषेइतकाच दोन्ही बाजूंच्या अस्थिबंधांचा ताण समतोल असावा लागतो आणि सांध्याची फिरकी व वाटीची चालही जुळावी लागते. फेंगड्या पायात आतले बंध आखडलेले आणि बाहेरचे सैलावलेले असतात. ते जुळवणे हातांचे काम आहे.

एवढे सारे जुळले तरी नवा गुडघा साधारणतः ११० ते १२० अंशांपर्यंत वाकतो. उकिडवे बसायला त्याहून बरेच अधिक वाकावे लागते. शेतातल्या बाईला चालणे, जिना, बसचा प्रवास परत मिळतो. खुरपणी बहुधा मिळत नाही. हे तिला शस्त्रक्रियेआधीच सांगितलेले असावे.