रोजचे विज्ञान : पट्टा नेमके काय करतो?

माकुणसारहून पालघरकडे निघालेली एसटी एकाएकी थांबली, म्हणजे उभे उतारू पुढे झेपावतात; कारण ब्रेकने गाडीचा वेग हरण केला, तरी शरीराचा वेग कायमच असतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार आदळली, तर आतील इसमास सुमारे १४ मीटर उंचीवरून पडल्याइतका वेग एका क्षणात गमवावा लागतो, आणि तो हातांनी रोखण्याचे सामर्थ्य मनुष्यदेहात नाही.

ती तजवीज मोटारीच्या आसनाचा पट्टा (सीट बेल्ट) करतो. एरवी सहज उलगडणारे त्याचे रीळ हिसका बसताच अडकते; पट्टा किंचित ताणला जाऊन थांबण्याचा अवधी वाढवितो आणि भार छाती व कंबरेच्या बळकट अस्थींवर विभागतो. व्होल्वोचे अभियंते नील्स बोलिन यांच्या १९५९ सालच्या त्रिबिंदू पट्ट्याचे मर्म हेच होय.

मात्र आसनाची पाठ फार कललेली असल्यास शरीर पट्ट्याखालून निसटते. म्हणून पाठ सरळ, छाती स्टिअरिंगपासून किमान २५ सेंटीमीटर दूर, वरचा पट्टा खांद्याच्या मध्यावरून, खालचा पोटाऐवजी कंबरेच्या हाडांवर, आणि मागील टेकू डोक्याच्या उंचीचा, एवढी व्यवस्था निघण्यापूर्वीच करावी.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात मागील आसनांवरील उद्योगपती सायरस मिस्त्री व त्यांचे सहप्रवासी जहांगीर पंडोल मृत्यू पावले. त्यांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. पट्टा मागे बसणाऱ्यांसही कायद्याने सक्तीचा आहे. वाचकहो, जवळच्या प्रवासातही तो अवश्य लावा.