पिंपातलं ग्लिसरीन आणि आमची एम.एस्सी.

ऐंशीच्या दशकात मुंबईत रसायनशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्यांमध्ये एक न लिहिलेली प्रतवारी होती. सगळ्यात वर ऑरगॅनिक, मग फिजिकल आणि इनऑरगॅनिक, आणि उरलेल्यांसाठी ॲनालिटिकल. ऑरगॅनिकवाले नवे रेणू घडवणार आणि आम्ही दुसऱ्याने घडवलेल्यात काय आहे, किती आहे ते सांगणार. नातेवाइकांना हे समजावलं की 'म्हणजे लॅब टेक्निशियन का?' हा प्रश्न ठरलेला. मुली मात्र या शाखेकडे हिशेबाने वळायच्या. कारखाने कायद्यामुळे बायकांना रात्रपाळी बंद होती, त्यामुळे प्लांटवर आम्हाला कुणी घेत नसे; क्वालिटी कंट्रोलमध्ये जनरल शिफ्ट मिळायची. १९८७ साली मीही त्याच हिशेबाने आले.

पहिलं वर्ष सगळं हातांचं. पितळातलं तांबं, डोलोमाइटमधलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, पायरोल्युसाइटमधलं मँगनीज. निकेलच्या गरम द्रावणात डायमिथिलग्लायॉक्सिम घालून अमोनिया सोडला की कुंकवासारखा लालभडक साका खाली बसतो. तो सिंटर्ड क्रुसिबलमध्ये गाळायचा, धुवायचा, ओव्हनमध्ये सुकवायचा, डेसिकेटरमध्ये थंड करायचा आणि तोलायचा. पुन्हा ओव्हन, पुन्हा तराजू. लागोपाठची दोन वजनं जुळेपर्यंत सुटका नाही. शेवटी त्या वजनाला ०.२०३२ ने गुणलं की निकेल, आणि गुणाकार अर्थातच क्लार्कच्या टेबलांतून लॉग काढून. हाताशी व्होगेल आणि पवईच्या आयआयटीतल्या एस. एम. खोपकरांचं पुस्तक. या कामाला पुढे 'जुनाट' म्हणून हसणारे पुष्कळ भेटले. मला ते तसं कधी वाटलं नाही. भांड्याला चिकटून राहिलेला साका आपल्या उत्तरातून वजा होतो, हे क्रुसिबलइतक्या स्पष्टपणे कुठलंही यंत्र शिकवत नाही.

थिअरीत एक प्रकरण चुकांचं होतं. त्यातली टी-टेस्ट डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीत काम करणाऱ्या गॉसेटने १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने प्रसिद्ध केली, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असायची, कारण ती व्हायव्हात विचारत. त्याच प्रकरणाच्या सुरुवातीला सॅम्पलिंग. ते एका तासात उरकायचं आणि परीक्षेत टीप लिहा म्हणून यायचं. ढिगातून नमुना कसा घ्यावा, यात शिकण्यासारखं काय आहे असं सगळ्यांनाच वाटे, शिकवणाऱ्यांनाही.

यंत्रांचं दर्शन दुसऱ्या वर्षी झालं. फ्लेम फोटोमीटर आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर हाताळायला मिळत. एचपीएलसी कुलूपबंद एसी खोलीत. तिथे चपला बाहेर काढून जायचं. संगणक नव्हता. चार्ट रेकॉर्डरची लेखणी कागदावर शिखरं काढत जायची आणि त्यांचं क्षेत्रफळ काढायला एक मजेदार पण चोख युक्ती होती: शिखर कात्रीने कापायचं आणि तो कागद तराजूवर तोलायचा. आज पोरांना सांगितलं तर थट्टा वाटते.

याच काळात वर्तमानपत्रांत लेंटिन आयोग गाजत होता. १९८६च्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण मूत्रपिंडं निकामी होऊन दगावले होते. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं. १९८८ साली आलेल्या अहवालाने औषध प्रशासनापासून रुग्णालयापर्यंत अनेकांची लक्तरं काढली. वर्गात आम्ही यावर वाद घातला तो अगदीच विद्यार्थ्यांच्या थाटात: हे आपल्या लॅबमध्ये ओळखता आलं असतं का? ग्लिसरीनची घनता १.२६, डायएथिलीन ग्लायकॉलची १.१२, अपवर्तनांक १.४७४ आणि १.४४७. म्हणजे साध्या रिफ्रॅक्टोमीटरने संशय आला असता. पण संशयच, कारण नुसतं पाणी मिसळलं तरी अपवर्तनांक उतरतो. आत नेमकं कोण आहे हे सांगायला क्रोमॅटोग्राफी हवी, आणि ती तंत्रं तेव्हाही उपलब्ध होती. अमेरिकेत याच रसायनाने १९३७ मध्ये सल्फानिलामाइडच्या औषधातून शंभरावर माणसं मारली होती आणि पुढच्याच वर्षी तिथे नवा कायदा आला होता. ज्ञान पन्नास वर्षं जुनं होतं. पिंपातला नमुना काढून कुणी ते विचारायला हवं होतं, इतकंच.

नव्वदच्या दशकाने आमच्या शाखेचं नशीब बदललं, आणि त्याचं श्रेय विद्यापीठांना देण्यात अर्थ नाही. भारतीय औषधं अमेरिका-युरोपात जाऊ लागली आणि तिकडचे निरीक्षक इकडे येऊ लागले. प्रत्येक गोळीमागे कागद, प्रत्येक कागदामागे पद्धतीची पडताळणी. तारापूर, पाताळगंगा, वाळूज, गोव्यात वेर्णा, सगळीकडे 'एचपीएलसी येते का?' हा मुलाखतीतला पहिला प्रश्न झाला. ॲनालिटिकलच्या जागा आता पहिल्या भरू लागल्या. अभ्यासक्रम मात्र मागून धापा टाकत येत राहिला, आणि मधल्या फटीत खासगी क्लासवाल्यांचं फावलं. पदवी विद्यापीठाची, पण मोबाइल फेज गाळून डीगॅस कसा करायचा ते शिकायचं तीन महिन्यांच्या सर्टिफिकेट कोर्समध्ये!

त्यानंतरचा बदल यंत्रांचा नव्हता, विश्वासाचा होता. २०१३च्या आसपास परदेशी निरीक्षकांनी अनेक भारतीय प्रयोगशाळांच्या संगणकांत डोकावायला सुरुवात केली. 'ट्रायल' म्हणून मारलेली आणि नोंदीबाहेर ठेवलेली इंजेक्शनं, पुसलेल्या फाइली, निकाल बसेपर्यंत हाताने ओढलेली बेसलाइन. ऑडिट ट्रेल हा शब्द तेव्हा घराघरांत नाही तरी क्यूसी-क्यूसीत पोहोचला. ज्यांनी हे केलं त्यांतले बरेच चांगल्या मार्कांनी पास झालेले एम.एस्सी. होते. आणि खरं सांगायचं तर सवय कॉलेजातलीच: जर्नलमध्ये तीन रीडिंग जुळलेली दाखवायची असतात, मग तिसरं ब्युरेट न उघडता लिहिलं जातं. त्यावर सही करणारे आपणच.

२०२२ मध्ये गांबियातल्या बालमृत्यूंनंतर जागतिक आरोग्य संघटनेने भारतीय सिरपांबद्दल इशारा दिला, तेव्हा अहवालात तेच नाव वाचलं: डायएथिलीन ग्लायकॉल. जून २०२३ पासून निर्यातीच्या खोकल्याच्या औषधांना सरकारमान्य प्रयोगशाळेची चाचणी सक्तीची झाली. देशात विकल्या जाणाऱ्यांचं काय, याचं उत्तर २०२५ मध्ये छिंदवाड्यात मिळालं. तिथे वीसहून अधिक बालकं गेली. आता गॅस क्रोमॅटोग्राफ जिल्ह्याजिल्ह्यांतल्या खासगी लॅबमध्येही दिसतो. आमच्या वेळची सबब उरलेली नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात एम.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी ऑन जॉब ट्रेनिंग आलं आहे. मुलं कंपनीतून परत येतात तेव्हा त्यांच्यातही नवी प्रतवारी असते: एलसी-एमएसवर बसायला मिळालं ते वर, आणि गोदामात कच्च्या मालाचे नमुने काढायला पाठवलं ते हिरमुसलेले. पिंपांच्या संख्येचं वर्गमूळ अधिक एक, म्हणजे पंचवीस पिंपांतली सहाच उघडायची, हा नियम ती तिथे शिकतात. परवा अशा एका मुलीने विचारलं, 'मॅडम, मग बाकीच्या एकोणीस पिंपांत काय आहे ते कुणाला माहीत असतं?' तिला मी सांगितलं की ग्लिसरीन असेल तर प्रत्येक पिंप उघडून ओळख पटवायला हवी, आणि याच प्रश्नावर सेमिनार घे.