कामाच्या ठिकाणचा स्थिरबुद्धी सहकारी

कोणत्याही कचेरीत वा कारखान्यात चौकशी केली, तर समंजस सहकारी म्हणून एखाद्याचे नाव लोक चटकन सांगतात. परंतु तो नेमके काय करतो असे विचारल्यास, “तो असला म्हणजे काम बिघडत नाही” यापलीकडे उत्तर सहसा मिळत नाही. टळलेल्या चुकीची नोंद कोणत्याही वहीत होत नसल्यामुळे या गुणाचे मोल ठरविणे कठीण जाते. याला अपवाद विमानोड्डाण आणि अंतराळयात्रा या क्षेत्रांचा. तेथे काम करणाऱ्यांचे परस्परांतील बोलणे ध्वनिमुद्रित होत असते आणि म्हणून अडचणीच्या क्षणी कोण काय बोलले व कोणी ते ऐकले, याची छाननी पुढे करता येते. प्रस्तुत विवेचनासाठी उदाहरणे तेथूनच घेतली आहेत.

14 नोव्हेंबर 1969 रोजी अपोलो-12 हे यान चंद्राकडे निघाले. उड्डाणानंतर सुमारे 36 सेकंदांनी अग्निबाणावर वीज पडली आणि 52 व्या सेकंदाला पुन्हा पडली. यानाला वीज पुरविणारे इंधन-घट बंद झाले, धोक्याचे दिवे एकदम पेटले आणि ह्यूस्टन येथील नियंत्रण-कक्षात येणारे आकडे निरर्थक झाले. विद्युत्-यंत्रणेवर देखरेख करणारा जॉन एरन हा त्या वेळी अवघा 26 वर्षांचा होता. निरर्थक आकड्यांचा तोच विशिष्ट नमुना आपण पूर्वी एका चाचणीच्या वेळी पाहिला आहे, हे त्याच्या ध्यानात आले. त्या वेळी त्याने कुतूहलापोटी कारणाचा शोध घेतला होता आणि तो त्याला एका फारशा परिचित नसलेल्या उपकरणापर्यंत घेऊन गेला होता. त्या उपकरणाची कळ पर्यायी स्थितीत टाकावी, एवढेच त्याने सांगितले. उड्डाण-संचालक गेरी ग्रिफिन यांना ती कळ ठाऊक नव्हती. यानाचा प्रमुख पीट कॉनराड यालाही नव्हती. तरीही सूचना न अडखळता वर पोहोचली. यानातील ॲलन बीन याला कळीची जागा माहीत होती. त्याने ती फिरविली आणि आकडे पूर्ववत येऊ लागले. त्यानंतर इंधन-घट पुन्हा जोडण्यात आले आणि पाच दिवसांनी ते यान चंद्रावर उतरले.

या प्रसंगाची वाखाणणी बहुधा एरनच्या थंड डोक्यासाठी केली जाते. ती योग्यच आहे, पण अपुरी आहे. येथे गीतेतील स्थितप्रज्ञाचा शोध घेण्याचे कारण नाही. त्याची स्थिरता पूर्वाभ्यासातून आली होती. जे दिसत होते ते त्याला सर्वस्वी नवे नव्हते. शिवाय वरिष्ठाने स्वतःस न कळलेली सूचना केवळ सांगणाऱ्याच्या विषयज्ञानावर विश्वासून पुढे पाठविली. तो विश्वास नसता, तर एरनचे ज्ञान त्याच्या मेजावरच राहिले असते.

असे राहून गेल्याची उदाहरणे दुर्दैवाने आहेत. 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन जम्बो विमानांची धावपट्टीवर टक्कर होऊन 583 माणसे मरण पावली. डच विमान धावू लागले असता, समोरचे अमेरिकन विमान बाजूस झाले नाही काय, अशी शंका त्यातील उड्डाण-अभियंत्याने बोलून दाखविली होती. मुख्य वैमानिक अत्यंत अनुभवी व इतरांना शिकविणारा; त्याने ठामपणे उत्तर दिले आणि विषय तेथेच संपला. शंका रास्त होती. ती प्रश्नाच्या रूपाने आली आणि प्रश्नाला उत्तर मिळाले की कनिष्ठाचे बोलणे पुरे झाले, असा रिवाज होता.

दुसरा अपघात 28 डिसेंबर 1978 चा, पोर्टलंड शहरानजीकचा. युनायटेड एअरलाइन्सच्या विमानाची चाके नीट उतरली आहेत की नाहीत, याविषयी संशय निर्माण झाला आणि विमान सुमारे तासभर घिरट्या घालीत राहिले. मुख्य वैमानिक गोंधळला नव्हता. उतरण्याची सिद्धता तो अगदी शांतपणे करीत होता. उणे होते ते इंधनाचे भान. सहकाऱ्यांनी इंधनाचा उल्लेख केला, पण आग्रह धरला नाही. इंधन संपून विमान कोसळले आणि 189 पैकी 10 जण दगावले. शांतपणा आणि समंजसपणा या दोहोंत आपण नेहमी गल्लत करतो. पोर्टलंडला पहिला भरपूर होता.

या अपघातांनंतर 1979 मध्ये नासा या संस्थेने एक परिषद भरविली आणि 1981 मध्ये युनायटेड कंपनीने वैमानिकांना निराळे शिक्षण देण्यास आरंभ केला: वरिष्ठाने विचारावे कसे आणि कनिष्ठाने आपले म्हणणे लावून धरावे कसे. त्याचा कस 19 जुलै 1989 रोजी लागला. त्याच कंपनीच्या डीसी-10 विमानाचे शेपटीकडील इंजिन फुटले आणि सुकाणूंना बळ पुरविणाऱ्या तिन्ही द्रवदाब-यंत्रणा निकामी झाल्या. अशा प्रसंगासाठी लिहिलेली कार्यपद्धतीच नव्हती. मुख्य वैमानिक अल हेन्स यांनी प्रवाशांत असलेल्या डेनी फिच या प्रशिक्षक वैमानिकाला आत घेऊन उरलेल्या दोन इंजिनांचे नियंत्रण त्याच्या हाती दिले. सुमारे 44 मिनिटे चौघांनी एकमेकांना विचारीत, सुचवीत ते विमान स्यू सिटीपर्यंत आणले. उतरताना ते मोडले. 112 जण मृत्यू पावले, पण 296 पैकी 184 वाचले. हेन्स यांनी पुढे आपल्या भाषणांतून या शिक्षणाला वारंवार श्रेय दिले.

यावरून, स्थिरबुद्धी ही एका व्यक्तीची ठेव नसून दोघांमधील व्यवहार आहे, असे मानण्यास जागा होते. आपल्याकडील कचेऱ्यांतून “साहेब” या संबोधनानंतर वाक्य किती सरळ राहते, याचा अनुभव वाचकांना असेलच. सावध कारकुनाचे मत बहुधा टिपणीच्या समासात पेन्सिलीने उमटते आणि टिपणी वर जाण्यापूर्वी खोडले जाते. नेमणुकीच्या वेळी उमेदवाराचा स्वभाव पारखण्यावर आपण जो भर देतो, त्यापैकी काही या समासाकडे वळविला पाहिजे. शस्त्रक्रियागृहांनी हे अंशतः केले आहे: जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये प्रसृत केलेल्या तपासणी-यादीत, पहिला छेद घेण्यापूर्वी उपस्थित प्रत्येकाने आपले नाव व काम मोठ्याने सांगावे, असे एक कलम आहे. त्यात परिचारिकाही आली आणि मुख्य शल्यचिकित्सकही.