पाळी गेल्यावर कातडी कोरडी का पडते?

मागच्या ग्रामसंघाच्या बैठकीत एका ताईंनी हात पुढे केले. "बघा मॅडम, साल निघतीय. रात्रभर खाजवते." वय 38. सहा वर्षांपूर्वी पिशवी काढलेली. सोबत अंडाशय काढले का, ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं!

हा प्रश्न का महत्त्वाचा? आपल्या अंडाशयात इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन तयार होतं. ते कातडीत ओलावा धरतं आणि कोलॅजन, म्हणजे कातडीचा आतला आधार, टिकवतं. पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं. पहिल्या पाच वर्षांत कोलॅजन साधारण 30 टक्क्यांपर्यंत कमी होतं. कातडी पातळ होते, खाजते. नुसती पिशवी काढली तर अंडाशय काम करत राहतात. पण दोन्ही अंडाशय काढले, तर हे सगळं तिशीतच आणि एकदम सुरू होतं.

मग हार्मोनची गोळी घ्यावी का? तिने कातडीचा ओलावा आणि जाडी वाढते, हे खरं. पण उन्हाने रापलेली कातडी त्याने उजळत नाही, उलट कुणाकुणाला वांग वाढतो. नुसत्या कातडीसाठी डॉक्टर ही गोळी देत नाहीत. अंगातून वाफा येणं, झोप उडणं, यासाठी देतात. अंडाशय लवकर काढलेल्या बाईला मात्र हाडांसाठी आणि हृदयासाठी बहुतेकदा पन्नाशीपर्यंत घ्यायला सांगतात. म्हणून या ताईंची खाज साधी समजू नका.

शेजारणीची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळी आणायची नाही. पिशवी असेल तर नुसतं इस्ट्रोजेन चालत नाही, अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. सोबत दुसरं हार्मोन लागतं. स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताची गुठळी झाली असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा.

या ताई खाजेवर गजकर्णाची ट्यूब लावत होत्या. अशा कितीतरी ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, त्याने कातडी आणखी पातळ होते. त्यापेक्षा अंघोळीनंतर ओल्या अंगालाच खोबरेल लावा, साबण कमी वापरा. खाज थांबली नाही तर साखर आणि थायरॉइड तपासा.

ताईंचं डिस्चार्ज कार्ड शेवटी पत्र्याच्या पेटीत सापडलं. दोन्ही अंडाशय काढलेले. आता आशाताईंबरोबर त्या ग्रामीण रुग्णालयात जाणार आहेत. तुमची पिशवी काढली असेल, तर पुढच्या बैठकीला कार्ड घेऊन या, आपण मिळून वाचू.