एक ‘टेक’, अर्थ पाच: बिल कुठे अडकतं ते बघा

कन्हान-कामठी पट्ट्यात कोळशाच्या खाणी आहेत, कारखाने आहेत, नागपूर जवळच. फॅब्रिकेशनवाला असो की मोटार वाइंडिंगवाला, मोठ्या कंपनीचा ई-मेल आज ना उद्या येतोच. तिथं आपण अडतो ते मोठ्या शब्दांवर नाही, ‘टेक’सारख्या छोट्या शब्दावर.

पाठांतर नको. आपलं ‘घेणे’ आठवा. हाती घेणे, मागे घेणे, ताब्यात घेणे. क्रियापद तेच, सोबतचा शब्द बदलला की अर्थ बदलला. आपल्याकडे तो शब्द आधी येतो, इंग्रजीत नंतर. एवढंच!

टेक ऑन: काम हाती घेणे, माणूस कामावर घेणे.
टेक ओव्हर: ताबा किंवा जबाबदारी घेणे.
टेक ऑफ: बिलातून रक्कम कमी करणे. दर वेळी विमानच उडत नाही, बरं का!
टेक बॅक: दिलेला माल परत नेणे.
टेक अप: एखादा विषय कोणाकडे मांडणे.

आता पैशाचं बघू. समजा, बिल थकलंय आणि उत्तर आलं, ‘वी विल टेक इट अप विथ अकाउंट्स.’ ‘घेऊ म्हणाले, म्हणजे झालं काम,’ असं समजू नका. अर्थ इतकाच की हिशेब विभागाकडे विषय काढू. मंजुरी नाही, तारीख नाही. लगेच लिहा, ‘बाय व्हॉट डेट?’

‘टेक बॅक’ तर आणखी जपून वाचा. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी 2006 चा कायदा आहे. त्यात नोंदणीकृत पुरवठादाराचे पैसे देण्याची मुदत लेखी करार असला तरी 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. पण माल पोहोचल्यापासून 15 दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली, तर ती दूर झाल्यावरच दिवस मोजायला सुरुवात होते. ‘प्लीज टेक बॅक द मटेरियल’ ही तशीच हरकत ठरू शकते. ‘नंतर बघू’ म्हणून तो ई-मेल बाजूला ठेवला, तर मुदत लांबते आणि नुकसान आपलंच होतं.

आजचं काम: जुने दहा ई-मेल उघडा, ‘टेक’ शोधा, पुढचा शब्द अधोरेखित करा आणि शेजारी मराठी अर्थ लिहा. ‘टेक’ पक्कं झालं की मग ‘पुट’ घेऊ.