ओव्हलचा सातबारा

लेखमाला : संघ कुणाचा? (भाग सहावा)

मागच्या आठवड्यात आपण जानेवारी २००८मध्ये आयपीएलच्या आठ संघांसाठी लागलेल्या बोली पाहिल्या. त्यात मुंबईचा संघ सर्वांत महाग गेला, ११ कोटी १९ लाख डॉलरना, आणि तो रिलायन्सने घेतला. त्याच रिलायन्सने सतरा वर्षांनी, जानेवारी २०२५च्या अखेरीस, दक्षिण लंडनमधल्या एका संघावर बोली लावली. ओव्हल इन्व्हिन्सिबल्स असं त्या संघाचं नाव. संघाची पूर्ण किंमत १२ कोटी ३० लाख पौंड धरली गेली आणि त्यातला ४९ टक्के वाटा सुमारे ६ कोटी पौंडांना ठरला. त्या वेळच्या दराने हे साडेसहाशे कोटी रुपयांच्या आसपास जातात. २०२६पासून या संघाचं नाव एमआय, म्हणजे मुंबई इंडियन्स, लंडन.

एवढे पैसे मोजून हाती नेमकं काय आलं? आपल्याकडे जमीन घेताना माणूस आधी सातबारा काढून बघतो. मालक कोण, कूळ कोण, इतर हक्कांत कुणाची नावं चढलेली आहेत, हे पाहिल्याशिवाय इसाराचा रुपया देत नाही. तीच सवय इथे वापरू.

मैदानापासून सुरुवात करायची तर ते या सौद्यात नाहीच. ओव्हल मुळात भाजीपाल्याचा मळा होता. १८४५मध्ये तिथे क्रिकेटचं मैदान झालं आणि त्याच वर्षी सरे काउंटी क्लब स्थापन झाला. खालची जमीन डची ऑफ कॉर्नवॉलची, म्हणजे ब्रिटनच्या युवराजाकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या इस्टेटीतली. सरे क्लब तिथला भाडेपट्टेदार. इंग्लंडमधली पहिली कसोटी १८८०मध्ये याच मैदानावर झाली. ऑगस्ट १९७१मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने इंग्लंडमधला पहिला कसोटी विजय इथेच मिळवला. चंद्रशेखरने दुसऱ्या डावात ३८ धावांत सहा बळी घेतले आणि दादर-माटुंग्याकडे रेडिओला कान लावून बसलेल्या पिढीला ओव्हल हे नाव पाठ झालं. या साऱ्या पूर्वपुण्याईचा एक चौरस फूटही नव्या भागीदाराच्या नावावर चढलेला नाही.

खेळाडूही विकत मिळालेले नाहीत. त्यांचे करार हंगामापुरते असतात. काहींना कायम ठेवता येतं, बाकीचे आतापर्यंत ड्राफ्टमधून निवडले जात आणि २०२६पासून त्यासाठी लिलाव ठरला. खेळाचा प्रकार, वेळापत्रक आणि नियम इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाकडे, ईसीबीकडे, आहेत. उरलेले ५१ टक्के सरे क्लबचे. शिवाय सरे हा सभासदांचा क्लब आहे. वर्गणी भरून पॅव्हेलियनमध्ये बसणारे हजारो लोक त्याचे मालक. आता रिलायन्सच्या अंबानींचे भागीदार तेच.

मग या सौद्यात आहे तरी काय? ते समजायला ‘द हंड्रेड’ ही स्पर्धा समजून घ्यावी लागते.

टी-ट्वेंटी जन्मली इंग्लंडमध्ये, २००३ साली, आणि तिचं पहिलं विजेतेपद सरेनेच पटकावलं. पण अठरा काउंट्यांच्या त्या स्पर्धेच्या पुढे पाहता पाहता आयपीएल आणि ऑस्ट्रेलियाची बिग बॅश निघून गेल्या. म्हणून ईसीबीने शहरांच्या नावाचे आठ नवे संघ उभे केले आणि खेळ आणखी छोटा केला. एका डावात शंभर चेंडू. षटक ही कल्पनाच रद्द. पाच चेंडू झाले की पंच पांढरं कार्ड दाखवतात. कर्णधाराला वाटलं तर तोच गोलंदाज पुढचे पाचही टाकतो. दहा चेंडूंनंतर टोक बदलतं. एका गोलंदाजाला सामन्यात जास्तीत जास्त वीस चेंडू मिळतात. पहिल्या पंचवीस चेंडूंत तीस यार्डांच्या बाहेर फक्त दोन क्षेत्ररक्षक, आणि नोबॉलला दोन धावा.

मला स्वतःला हे शंभर चेंडूंचं गणित कधीच पटलं नाही. वीस षटकांतून वीस चेंडू वजा केल्याने नवा खेळ तयार होत नाही. टीव्हीच्या वेळेत सामना बसतो, एवढंच. जगात दुसऱ्या कुठल्याही मोठ्या देशाने ही रीत उचललेली नाही. सरेचा तर पहिल्यापासूनच विरोध होता. काउंटी टी-ट्वेंटीला ओव्हल भरत असताना नवं बिऱ्हाड कशाला, असा त्यांचा सवाल. क्लबचे तेव्हाचे अध्यक्ष रिचर्ड थॉम्पसन या स्पर्धेचे उघड टीकाकार होते. तेच थॉम्पसन २०२२मध्ये ईसीबीचे अध्यक्ष झाले आणि हंड्रेडचे संघ विकण्याचं काम त्यांच्याच कारकिर्दीत पार पडलं.

या स्पर्धेतली खरी नवी गोष्ट वेगळी होती, आणि ती पूर्णपणे ठरवून झाली असंही म्हणता येत नाही. प्रत्येक संघाचा पुरुषांचा आणि महिलांचा असे दोन चमू असतील, नाव एक, रंग एक, हे पहिल्यापासून ठरलं होतं. पण २०२०च्या मूळ आराखड्यात महिलांचे बरेच सामने छोट्या, बाजूच्या मैदानांवर ठेवले होते. कोविडमुळे स्पर्धा वर्षभर पुढे गेली. २०२१मध्ये जैवसुरक्षित व्यवस्थेत संघांची ने-आण कमी करणं भाग होतं, म्हणून दोन्ही सामने एकाच दिवशी, एकाच मोठ्या मैदानावर आले. दुपारी महिला, संध्याकाळी पुरुष, तिकीट एकच.

उद्‌घाटनालाच काय तो अपवाद केला. २१ जुलै २०२१ची संध्याकाळ फक्त महिलांसाठी राखून ठेवली. त्यामुळे हंड्रेडच्या इतिहासातला पहिला सामना महिलांचा आहे आणि तो ओव्हलवर झाला : इन्व्हिन्सिबल्स विरुद्ध मँचेस्टर ओरिजिनल्स. ७,३९५ प्रेक्षक आले. कोविडच्या निर्बंधांतून देश नुकता बाहेर पडत होता हे लक्षात घेतलं, तर हा आकडा लहान नव्हे. सामना बीबीसीवर फुकट दिसत होता, हेही महत्त्वाचं. मँचेस्टरकडून हरमनप्रीत कौरने १६ चेंडूंत २९ धावा केल्या. १३६ धावांचा पाठलाग करताना इन्व्हिन्सिबल्सचे चार बळी झटपट गेले. मग कर्णधार डेन व्हॅन निकर्क आणि मरिझान काप या दोघी दक्षिण आफ्रिकी खेळाडूंनी डाव सावरला. दोन चेंडू राखून सामना जिंकला तेव्हा व्हॅन निकर्क ५६ धावांवर नाबाद होती.

पुढच्याच रविवारी लॉर्ड्सवर सोळा वर्षांच्या ॲलिस कॅप्सीने ४१ चेंडूंत ५९ धावा ठोकल्या. सरेच्याच मुशीतली ही मुलगी. दीड वर्षाने भारतातल्या महिला प्रीमियर लीगच्या, डब्ल्यूपीएलच्या, पहिल्या लिलावात दिल्लीने तिला ७५ लाखांना घेतलं आणि मार्च २०२३मध्ये ब्रेबॉर्नवरच्या अंतिम सामन्यात ती मुंबई इंडियन्सविरुद्ध उतरली. मुंबईची कर्णधार होती हरमनप्रीत. ओव्हलच्या त्या पहिल्या संध्याकाळी या दोघी समोरासमोर होत्या.

त्या पहिल्या हंगामाचा अंतिम सामना लॉर्ड्सवर झाला. इन्व्हिन्सिबल्सने १२१ धावा केल्या. समोर सदर्न ब्रेव्ह, म्हणजे सांगलीच्या स्मृती मानधनाचा संघ. साखळीत जवळपास अजिंक्य राहिलेला, पण भारताच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यामुळे अंतिम फेरीआधीच मानधना परतली होती. कापने नऊ धावांत चार बळी घेतले आणि ब्रेव्हचा डाव ७३ धावांत आटोपला. मैदानावर १७,११६ लोक होते. त्या वर्षी महिलांच्या सामन्यांना एकूण २ लाख ६७ हजार प्रेक्षक आले. पुरुषांच्या सामन्याचं तिकीट काढून लवकर पोहोचलेल्यांचीही गणती यात आहेच, असं टीकाकार म्हणतात. पण लवकर या, अशी सक्ती त्यांना कुणी केली नव्हती. मुलींना घेऊन आलेले बाप, शाळेच्या सुट्टीतली पोरं दुपारी तीनलाच खुर्च्या धरून बसत होती. हा प्रेक्षक आधीपासून होता, पण त्याच्यासाठी महिला क्रिकेटचं फाटक मोठ्या मैदानावर क्वचितच उघडलं होतं.

पैशाच्या बाबतीत मात्र एकाच छताखाली दोन वेगवेगळ्या पंगती बसल्या. बक्षिसाची रक्कम दोन्ही संघांना समान, हे योग्यच झालं. खेळाडूंच्या मोबदल्याचं तसं नव्हतं. २०२१मध्ये पुरुष खेळाडूला जास्तीत जास्त एक लाख पौंड मिळत आणि महिलेला पंधरा हजार. सर्वांत खालच्या पायरीवरच्या पुरुषाला चोवीस हजार मिळत होते, म्हणजे संघातल्या सर्वांत महागड्या बाईपेक्षा राखीव गडी महाग होता. २०२५मध्ये वरच्या पायरीचे आकडे दोन लाख आणि पासष्ट हजार असे झाले. प्रमाणाच्या हिशेबात दरी अरुंद झाली, पण बुजलेली नाही.

मैदानावर इन्व्हिन्सिबल्सइतकं यश दुसऱ्या कुठल्या संघाला मिळालेलं नाही. महिलांनी २०२१ आणि २०२२ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं जिंकली, दोन्ही वेळा ब्रेव्हलाच हरवून. त्यानंतर २०२५पर्यंत त्यांना अंतिम फेरी गाठता आली नाही. पुरुषांनी मग सूत्रं हाती घेतली : २०२३, २०२४, २०२५, सलग तीन. कर्णधार केंटचा सॅम बिलिंग्ज, कारण हा संघ सरे आणि केंट या दोन काउंट्यांचा मिळून धरला जाई. यातला २०२३चा अंतिम सामना आठवणीत राहावा असा. पाच बाद ३४ अशी दाणादाण उडाल्यावर टॉम करनने ३४ चेंडूंत नाबाद ६७ आणि जिमी नीशमने नाबाद ५७ धावा केल्या, आणि मँचेस्टर चौदा धावांनी हरलं. २०२५च्या अंतिम सामन्यात विल जॅक्सने ७२ धावा काढल्या. हा सरेचा गडी त्याच वर्षी आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्सच्या निळ्या जर्सीत खेळून आलेला होता.

म्हणजे विक्रीच्या वेळेपर्यंत, २०२५चा हंगाम सोडूनही, चार चषक कपाटात होते. तरी इन्व्हिन्सिबल्सची किंमत १२ कोटी ३० लाख ठरली, आणि नदीपलीकडच्या लंडन स्पिरिटची २९ कोटी ५० लाख! स्पिरिटच्या महिलांनी २०२४मध्ये चषक जिंकला होता, पण पुरुषांचा संघ एकदाही अंतिम फेरीत पोहोचलेला नव्हता. किंमत लॉर्ड्सच्या पत्त्याची होती. गुंतवणूकदार चषक मोजत नाहीत. उन्हाळ्यात हंड्रेड चालते त्या चार आठवड्यांत आपलं नाव कुठल्या मैदानावर झळकेल, हे मोजतात. या सौद्यात मिळालं ते हेच : उन्हाळ्यातले ते चार आठवडे, यजमानपदाच्या दिवसांचं तिकीट आणि प्रायोजकांचं उत्पन्न, ईसीबीकडून येणाऱ्या प्रक्षेपणाच्या पैशातला वाटा, आणि पाटी बदलण्याची मुभा.

पाटी बदलणं ही किरकोळ गोष्ट वाटेल. मला ती तशी वाटत नाही. केप टाउन, अमिराती, न्यूयॉर्क आणि आता लंडन, सगळीकडे तीच दोन अक्षरं पुढे आहेत. खेळाडू, प्रशिक्षक, विश्लेषक, जाहिरातदार एका लीगमधून दुसरीत फिरवता येतात. एमआय केप टाउनचा कर्णधार राशिद खान २०२५मध्ये इन्व्हिन्सिबल्सकडून खेळला तेव्हाच ही साखळी दिसू लागली होती. या नकाशात एक जागा मात्र रिकामी आहे. बीसीसीआय आपल्या पुरुष खेळाडूंना परदेशी लीगमध्ये खेळू देत नाही. त्यामुळे रोहित शर्मा किंवा जसप्रीत बुमराह एमआय लंडनच्या जर्सीत दिसणार नाहीत. महिलांना ती आडकाठी नाही. जेमिमा रॉड्रिग्ज २०२१मध्येच लीड्सच्या संघाकडून खेळली आणि पहिल्याच सामन्यात ४३ चेंडूंत नाबाद ९२ धावा करून आली. वांद्र्याची मुलगी तिथे जाऊ शकते, वांद्र्याचा मुलगा नाही. मुंबईच्या मालकांना लंडनमध्ये मुंबईचा चेहरा दाखवायचा असेल, तर तो बाईचाच असेल.

इथेच आयपीएल आणि हंड्रेड यांच्यातला मोठा फरक आहे. मुंबई इंडियन्सचा पुरुष संघ २००८मध्ये घेतला गेला. महिला संघ जन्मायला पंधरा वर्षं लागली. जानेवारी २०२३मध्ये डब्ल्यूपीएलसाठी वेगळी बोली झाली आणि मुंबईसाठी रिलायन्सने ९१२ कोटी ९९ लाख रुपये लावले. ते दोन स्वतंत्र सौदे होते. ज्यांना फक्त पुरुष संघ ठेवायचा, त्यांनी तेवढाच ठेवला. चेन्नईचे मालक आजही डब्ल्यूपीएलमध्ये नाहीत. हंड्रेडमध्ये अशी निवड करण्याची सोय नव्हती. संघ एकच, त्यात दोन चमू, आणि बोली दोघांवर मिळून. १२ कोटी ३० लाखांतले किती कापच्या चार बळींचे आणि किती टॉम करनच्या ६७ धावांचे, हे कुणाला वेगळं काढता येणार नाही. कोविडच्या काळातली तडजोड विक्रीच्या कागदावर अशी पक्की झाली.

आठही संघांचे सौदे मिळून पन्नास कोटी पौंडांहून जास्त रक्कम इंग्लिश क्रिकेटमध्ये आली. ती अठरा काउंट्या, लॉर्ड्सचा एमसीसी क्लब आणि गल्लीतल्या क्रिकेटला वाटून द्यायचं ठरलं. गल्लीच्या क्रिकेटला त्यातले दहा टक्के. काही काउंट्यांवर कर्जाचे डोंगर होते. यॉर्कशायरवर तर इतकं, की त्यांनी ५१ टक्केही हाती ठेवले नाहीत. लीड्सचा अख्खा संघ आयपीएलमधल्या हैदराबाद संघाच्या मालकांना, सन ग्रुपला, विकून टाकला. सरेला तशी गरज नव्हती. त्यांनी आपला हिस्सा धरून ठेवला.

पुढच्या आठवड्यात लीड्सला जाऊ.